कुठली अंकली? : पावसाळ्यात मोबाइलवर आलेली खबर पारखायची कशी

जुलै महिना, सकाळचे साडेसहा, बाहेर झड लागलेली. आमच्या ग्रुपवर एक ओळ पडली : 'अंकली पुलावर पाणी आलंय, गाड्या माघारी फिरवालेत.' मी चहाचा कप खाली ठेवला आणि ती ओळ होती तशी पुढच्या तीन ग्रुपांवर टाकली. चिक्कोडीहून कागवाडकडं निघालेल्या एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं ती वाचली, गाडी वळवली आणि लांबच्या वाटेनं गेला. दोन तास उशीर झाला, निम्मं दूध नासलं. दुपारी त्याचा फोन आला. शिवी दिली नाही, एवढंच विचारलं, "ताई, कुठली अंकली ओ?"

अंकली दोन आहेत. एक मिरज तालुक्यातली, सांगली-कोल्हापूर रस्त्यावरची. दुसरी आमच्या चिक्कोडी तालुक्यातली, मांजरीजवळची. दोन्हीकडं नदी कृष्णाच आणि दोन्हीकडं पूल. ज्यानं ती ओळ लिहिली तो जयसिंगपूरचा. पुलाच्या तोंडाशी उभा राहून, डोळ्यांनी बघून लिहीत होता. त्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याचं खोटं झालं ते माझ्या हातात आल्यावर.

खरं तर ओळीतच खूण होती. 'फिरवालेत' हे कोल्हापूर-सांगलीकडचं बोलणं. बेळगावचा माणूस 'फिरवून लागलेत' म्हणाला असता. निपाणी-चिक्कोडीकडचेही बरेच जण असंच बोलतात, त्यामुळं तो पुरावा नव्हे. पण थांबून एक प्रश्न विचारायला तेवढं कारण पुरेसं होतं.

तुमच्या गल्लीच्या मंडळानं, बचत गटानं किंवा कॉलेजच्या पोरांनी यंदा 'पूर-पाऊस ग्रुप' काढायचं ठरवलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. कुठला रस्ता बंद, कुठं पाणी चढलं, कुठला टीसी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, अशा खबरा लोकांच्या मोबाइलवरून गोळा करून लोकांनाच परत द्यायच्या, एवढंच हे काम. दिसायला सोपं. माझा इतक्या पावसाळ्यांचा अनुभव असा की मुद्दाम खोटं पाठवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्रास होतो तो शिळ्या खऱ्याचा, दुसऱ्या गावच्या खऱ्याचा आणि ऐकीव खऱ्याचा. म्हणून 'हा माणूस खोटारडा आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'ह्याला हे कसं कळलं' एवढंच विचारायला शिका.

पहिली पायरी : मे महिन्यात, कोरड्यात

बहुतेक जण पाऊस सुरू झाल्यावर ग्रुप काढतात. तोवर उशीर झालेला असतो. मे महिन्यात, ऊन असताना, तुमच्या भागातली पाणी चढणारी ठिकाणं हिंडून या. बेळगाव शहरात राहत असाल तर रेल्वे गेटं, सखल गल्ल्या, येळ्ळूर-वडगाव शिवारातला बळ्ळारी नाला. निपाणीकडं असाल तर यमगर्णीचा वेदगंगेवरचा पूल. गोकाककडं लोळसूरचा. प्रत्येक ठिकाणी एकाच जागी उभं राहून फोटो काढा आणि ती जागा लिहून ठेवा : 'पुलाच्या बेळगावकडच्या टोकाला, डाव्या कठड्याशी, तोंड कोल्हापूरकडं.' जुलैत कुणी पाण्याचा फोटो पाठवला की हा कोरडा फोटो शेजारी ठेवायचा. कठडा तोच आहे का, मागचं झाड तेच आहे का, पाणी कुठपर्यंत आलंय, दहा सेकंदांत कळतं. आमच्या सगळ्या युक्त्यांमध्ये फुकट आणि खात्रीची युक्ती हीच.

त्याच फेरीत खुणा ठरवा. 'खूप पाणी' ह्याला काही अर्थ नाही. देवळाची कितवी पायरी, पुलाच्या कठड्यापासून किती हात खाली, मोरीचा पाइप दिसतोय की बुडाला, असं सांगता आलं पाहिजे. बंधाऱ्यावर मोजपट्टी रंगवलेली असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि जुळ्या नावांची वही करा. अंकली सांगितलीच. मांजरी चिक्कोडी तालुक्यात आहे तशी पुण्याजवळही आहे. राजापूर म्हटलं की कोकणातल्या माणसाला रत्नागिरी जिल्ह्यातलं आठवतं, पण आमच्याकडं पावसाळ्यात राजापूर म्हणजे शिरोळ तालुक्यातला कृष्णेवरचा बंधारा. तिथून किती पाणी खाली येतंय त्यावर चिक्कोडी-अथणीच्या काठावरची गावं झोपायचं की जागायचं ते ठरवतात. हलगा बेळगाव तालुक्यात आहे आणि खानापूर तालुक्यातही. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द. ग्रुपवर नियम करा : गावाच्या नावापुढं तालुका लिहिल्याशिवाय खबर पुढं जाणार नाही. सुरुवातीला लोक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

दुसरी पायरी : तीन प्रश्न, आणि फोन करायचा आळस नको

खबर आली की तीनच गोष्टी विचारायच्या. तुम्ही स्वतः पाहिलं का? आत्ता कुठं उभे आहात? किती वाजता पाहिलं? टाइप करून विचारलं तर उत्तर तासाभरानं येतं, म्हणून फोन करा. हा माझा आणि येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याचा संवाद. नात्यानं नाही, पण सगळे त्यांना मामा म्हणतात :

"मामा, नाल्याचं पाणी भातात शिरलंय म्हणून मेसेज टाकलात न्हवं?"

"व्हय की. सगळं शिवार पांढरं झालंय."

"तुम्ही आत्ता शिवारात हाय काय?"

"मी कशाला जातोय पावसात? घरात हाय."

"मग बघितलं कुणी?"

"पोरगा बघून आलाय."

"कवा गेलता तो?"

"म्हशी सोडताना. सहा वाजले असतील."

मी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. म्हणजे मला 'आत्ता' म्हणून आलेली खबर पाच तासांपूर्वीची, एका तोंडून दुसऱ्या तोंडात गेलेली. मामा खोटं बोलले का? अजिबात नाही. पण मी ती 'आत्ताचं पाणी' म्हणून पुढं ढकलली असती, तर मी बोलले असते.

उत्तर आलं की वहीत तीनपैकी एक शिक्का मारायचा : 'पाहिलं', 'ऐकलं' किंवा 'फॉरवर्ड'. लष्करी गुप्तवार्ता खात्यांमध्ये ह्याच कामाची जुनी पद्धत आहे. माणसाला ए ते एफ असं अक्षर द्यायचं आणि बातमीला १ ते ६ असा आकडा, दोन्ही वेगवेगळे. भरवशाच्या माणसाकडूनही कच्ची बातमी येऊ शकते आणि बेभरवशाच्याकडूनही पक्की, एवढाच त्यातला गाभा. आपल्याला सहा-सहा पायऱ्या लागत नाहीत. पण माणूस वेगळा आणि बातमी वेगळी, हे मात्र उचलण्यासारखं आहे. 'सर सांगतात म्हणजे खरंच असणार' ह्या वाक्यानं आमच्या ग्रुपचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्या टवाळ पोरानं केलं नसेल.

प्रश्न डोळ्यांना दिसेल असाच हवा. 'रस्ता बंद आहे का?' असं विचारलं की प्रत्येक जण आपापल्या मनातलं 'बंद' सांगतो. मोटारसायकलवाल्याला बंद म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी जातंय, ट्रकवाल्याला बंद म्हणजे पोलिसांनी बॅरिकेड लावलंय. म्हणून विचारा : बॅरिकेड आहे का? पाणी घोट्याएवढं, गुडघ्याएवढं की कमरेएवढं? उभं आहे की वाहतंय? शेवटचा प्रश्न विसरू नका. फूटभर वाहतं पाणी लहान मोटारीला सरकवून नेऊ शकतं. तेवढंच उभं पाणी तशी ओढ लावत नाही.

तिसरी पायरी : बंद आणि बंदैति

हा भाग फक्त आपल्या सीमाभागाला लागू, पुण्या-मुंबईच्या कुठल्या मार्गदर्शिकेत सापडणार नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीनं फोनवर कन्नड बोलणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची खबर घेतली. तो म्हणाला, 'नीर बंदैति.' तिनं लिहिलं, 'बंद.' त्याचा अर्थ होता, पाणी आलंय. 'बंद' नव्हे, 'बंदैति', म्हणजे 'आलंय'. खरोखर बंद असेल तर तो 'बंद आगैति' म्हणाला असता. एका अक्षराच्या ऐकण्यानं चालू रस्ता आम्ही बंद करून टाकला.

ग्रुपवर कन्नड चांगलं येणारा निदान एक माणूस पाहिजेच, आणि खबर आली त्या शब्दांतच आधी लिहायची, मग तिचं मराठी करायचं. व्हॉइस मेसेज असेल तर तो पुसायचा नाही. उर्दू-हिंदी बोलणाऱ्यांचं 'कल' हा दुसरा खड्डा : काल की उद्या? 'कल से बंद है' म्हटलं तर परत विचारा.

२०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा ४६३६ ह्या नंबरवर लोकांनी हजारो एसएमएस पाठवले. ते स्थानिक क्रेओल भाषेत होते. परदेशातल्या हैतीच्या माणसांनी त्यांचं भाषांतर केलं, जागा नकाशावर शोधून दिल्या, तेव्हा कुठं मदतीला आलेल्या परदेशी पथकांना ते वाचता आले. तिथं भाषा दूरची होती. आपल्याकडं दोन्ही भाषा एकाच बसथांब्यावर उभ्या असतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं कळतं. आणि तिथंच घसरतो.

चौथी पायरी : फोटो आणि पिन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेच्या पाण्यानं पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळ यमगर्णीला अडवला होता. त्या दोन पुरांचे व्हिडिओ दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसाला 'आत्ताचे' म्हणून परत येतात. पाहुणे येतात तसे. व्हॉट्सअॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण असतील तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, एवढं नक्की. गूगल लेन्समध्ये व्हिडिओतलं एखादं चित्र टाकून बघा. जुनं असेल तर पुष्कळदा लगेच सापडतं. मात्र 'सापडलं नाही म्हणजे नवीन' असं धरू नका.

मग चित्रातल्या बारीक गोष्टी वाचा. मी शेतकऱ्याची लेक, मला आधी पीक दिसतं. एकदा 'आजचा पूर' म्हणून आलेल्या फोटोत पाण्याच्या कडेला ऊस होता आणि उसाला पांढरा तुरा. तुरा दिवाळीच्या आसपास आणि पुढं येतो. जुलैत कुठला तुरा? जुलैत आमच्या भातात रोप लावणी चाललेली असते, ऊस अजून वाढीला असतो. फोटो आमच्या पावसातला नव्हता एवढं तुऱ्यानं सांगितलं. कुठला होता ते मला आजवर कळलेलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

गाडीच्या नंबरप्लेटा बघा, पण जपून. केए-२२ बेळगावचा, केए-२३ चिक्कोडीचा, केए-४९ गोकाकचा. एमएच-०९ कोल्हापूरचा, एमएच-१० सांगलीचा. सगळ्या फोटोत एकजात एमएच-१० असतील तर संशय घ्या. एखादी असली तर काही सिद्ध होत नाही, आमच्या रस्त्यावर निम्मे पाहुणे तिकडचेच. पाट्यांवरची लिपी, मैलाचे दगड, दुकानाच्या बोर्डावरचं गाव ह्यांतून जास्त कळतं.

आता मोबाइलबद्दल थोडं तांत्रिक, पण कामाचं. फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर, जागा लपलेली असते. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ती माहिती गळून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. भरवशाच्या चार-पाच माणसांना एवढं शिकवून ठेवा. लोकेशन मागताना 'लाइव्ह लोकेशन' मागा. नुसती पिन नकाशावर बोट ठेवून कुठलीही पाठवता येते, आणि बरेच जण घरी पोचून, चहा घेऊन, घरातूनच पिन पाठवतात. मग तुमच्या नकाशावर पूर त्यांच्या स्वयंपाकघरात आलेला दिसतो.

मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरांत जागा दाखवतो. जुन्या बेळगावातल्या अरुंद गल्लीत, उंच घरांमध्ये तो बराच भरकटतो. उपग्रह न मिळाल्यास फोन टॉवरवरून अंदाज करतो, तेव्हा चूक किलोमीटरांत जाऊ शकते. सीमेवर तर फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. आणि जीपीएस बरोबर असला तरी तो फोन कुठं आहे ते सांगतो, पाणी कुठं आहे ते नाही. झूम करून काढलेल्या फोटोत हा फरक अर्धा किलोमीटरचा होतो.

फोटोवर तारीख-वेळ-नकाशा छापून देणारी कॅमेरा अॅपं हल्ली पंचायतीपासून ठेकेदारापर्यंत सगळे वापरतात. तो शिक्का बघून हुरळून जाऊ नका. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून देशभर मोबाइल अॅपवर, फोटो आणि जागेसह, सक्तीची झाली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की भलतेच फोटो चढवले जातायत, थेट फोटोऐवजी फोटोचाच फोटो काढला जातोय. सरकारच्या अॅपची ही गत, तर आपल्या ग्रुपचं काय घेऊन बसलात.

फॉर्म वापरायचा असेल तर कोबोटूलबॉक्ससारखं साधन फुकट आहे आणि रेंज नसतानाही भरता येतं. त्यात फॉर्म उघडल्याची, संपवल्याची आणि सर्व्हरला पोचल्याची वेळ वेगवेगळी मिळते. पहिली बघायची, शेवटची नाही. जांबोटीच्या जंगलात सकाळी भरलेला फॉर्म खानापूरच्या बसस्टँडवर रेंज आल्यावर संध्याकाळी पोचतो आणि यादीत सगळ्यात वर, ताजा म्हणून बसतो.

पाचवी पायरी : दहा मेसेज, डोळे किती?

'दहा जणांनी सांगितलंय, खोटं कसं असेल?' हे वाक्य तुम्ही ऐकणार. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या वजनाचा अंदाज करायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन ह्या शास्त्रज्ञानं ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. चिठ्ठ्या वजनाच्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा अंदाज खऱ्या वजनापासून एक टक्कासुद्धा दूर नव्हता. जमावाला शहाणपण असतं, हे सांगायला हा दाखला लोक नेहमी देतात. पण तिथं प्रत्येकानं बैल स्वतः बघितला होता आणि आपापली चिठ्ठी वेगळी लिहिली होती. शेजाऱ्याची चिठ्ठी बघून सगळ्यांनी तोच आकडा लिहिला असता, तर ७८७ चिठ्ठ्यांची किंमत एका चिठ्ठीएवढी झाली असती.

म्हणून मेसेज मोजू नका, डोळे मोजा. प्रत्येकाला विचारा, 'तुम्हाला कुणी पाठवलं?' दोन-तीन पावलं मागं गेलं की दहातले आठ एकाच माणसापाशी पोचतात. आमचा नियम असा : एकमेकांना न विचारता, दोन वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या दोघांनी तेच सांगितलं, तरच 'खात्री झाली' असं लिहायचं. पुलाच्या दोन टोकांचे दोघे मिळाले तर उत्तम.

केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या. २००८ च्या सुरुवातीला तिथल्या काही जणांनी मोबाइलवरून आलेल्या घटना नकाशावर दाखवणारं 'उशाहिदी' नावाचं साधन उभं केलं. स्वाहिली भाषेत त्या शब्दाचा अर्थ साक्ष. नाव नेमकं आहे. साक्षीदाराला कोर्टात काय विचारतात? तिथं होतास का, किती अंतरावर, उजेड होता का. शेजारी काय म्हणाला ते कोर्ट ऐकून घेत नाही.

आकड्यांची खबर वेगळी

धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे गर्दीकडून घेऊच नका. ते जलसंपदा खातं, केंद्रीय जल आयोग, जिल्हा प्रशासन ह्यांच्याकडूनच घ्या. पण खोटा आकडा ओळखता आला पाहिजे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर, तो वेग आहे. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. तो साठा आहे. दिवसभर सलग एक लाख क्युसेक सोडलं तर ८.६४ टीएमसी होतं. आता 'कोयनेतून काल रात्रीत ५० टीएमसी सोडलं' असा मेसेज आला तर वहीवर भागाकार करा : दिवसभर सोडलं असं धरलं तरी पावणेसहा लाखांहून जास्त क्युसेक लागतील, आणि रात्रीच्या बारा तासांत सोडायचं तर त्याच्या दुप्पट. कोयनेचा सगळा साठाच १०५ टीएमसीच्या आसपास. मेसेज लिहिणाऱ्यानं क्युसेक आणि टीएमसी एकाच पोत्यात भरलेत, हे तिथंच कळतं.

थांबायचं कधी, पळायचं कधी

वरचं सगळं वाचून तुम्ही प्रत्येक खबरीवर पंचायत भरवायला बसाल, म्हणून सांगते. 'घरात पाणी शिरलंय, आजी वर अडकलीय' असा मेसेज आला तर पारखत बसू नका. ११२ ला फोन करा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ ला करा, मग तीन प्रश्न. ही खबर खोटी निघाली तर बचावाची एक बोट उगाच जाईल. खरी असून आपण थांबलो तर आजी जाईल. उलट 'धरण फुटलं' हा मेसेज कितीही जणांनी पाठवला तरी खात्री होईपर्यंत एक अक्षर पुढं जाऊ द्यायचं नाही. रात्री दोनला चार गावं पळायला लागली की पाण्यापेक्षा चेंगराचेंगरी आधी येते. आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट उडवली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. ग्रुपच्या वर्णनात ही ओळ लिहून ठेवा. उत्साही भाच्यांना आवर बसतो.

पाठवायची कशी

आमची ओळ आता अशी असते : 'अंकली (ता. चिक्कोडी). स. ७.२०. पाहिलं, एक जण. पुलाच्या कठड्यापासून पाणी दोन हात खाली, वाहतूक चालू. पुढची खबर १० वाजता.' जागा, वेळ, शिक्का, खूण, पुढची वेळ. आणि तीन तास उलटले की ती खबर आपोआप मेली असं समजायचं, नवी नसेल तर 'माहिती नाही' असं लिहायचं. 'माहिती नाही' लिहिताना हात जड होतो, पहिल्या वर्षी तर फारच.

चूक झाली तर मेसेज पुसून मोकळं व्हायचं नाही. ज्या ज्या ग्रुपवर गेला तिथं तिथं 'आमची चूक' अशी दुरुस्ती टाकायची. दूधवाल्याच्या प्रकरणानंतर मी ती टाकली तेव्हा चौदा जण ग्रुप सोडून गेले. त्यातले नऊ पुढच्या पावसाळ्यात परत आले.

नकाशा कोरा म्हणजे कोरडा नव्हे

खबरा जिथून येतात तिथं फोन आहेत, रेंज आहे आणि चार्जिंग आहे, एवढंच त्या सांगतात. टिळकवाडीत गुडघाभर पाणी आलं की वीस फोटो येतात. तिकडं खानापूर तालुक्यात कणकुंबी, आमगाव, गवाळी भागात त्याच्या कितीतरी पट पाऊस कोसळत असतो आणि आमच्याकडं एक ओळ नाही. मलप्रभा तिथंच उगम पावते. तिथं काय चाललंय हे खालच्या गावांना आधी कळायला हवं. वीज जाऊन दोन दिवस झाले की फोनही मुके होतात. ह्यावर आमच्याकडं अॅप नाही, उपाय साधा आहे : कणकुंबीकडून येणाऱ्या बसचा कंडक्टर, दूध गोळा करणारा, हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) लाइनमन. ज्या गावाहून सहा तास काही आलं नाही त्या गावाला आपण होऊन विचारायचं. गप्प गावांची यादी रोज संध्याकाळी काढायची.

आपला माणूस

हे लिहायला जरा अवघड आहे. पहिल्या दोन वर्षांत आम्ही मराठी बोलणाऱ्याची, आपल्या गल्लीतल्याची, ओळखीच्या आडनावाची खबर पटकन पुढं पाठवत होतो आणि कन्नडमध्ये आलेली तपासत बसत होतो. कुणी ठरवून नाही, आपोआप. मग वहीत प्रत्येकाला आकडा दिला, नाव-आडनाव झाकलं आणि कुणाच्या किती खबरा खऱ्या निघाल्या ते पावसाळा संपल्यावर मोजलं. सगळ्यात वर आला तो मराठीत एक ओळ न लिहिणारा लाइनमन. खांबावर चढणारा माणूस, त्याला लांबचं दिसतंच.

सीमाप्रश्न तापतो तेव्हा मात्र त्याच्या खबरांना आमचा ग्रुप बंद असतो. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्या आठवड्यात जो तो काहीबाही पाठवत होता. पाणी कुणाच्या बाजूचं नसतं, दगड असतो. 'कुठं कोण जमलंय' ही खबर लोकांकडून गोळा करून लोकांत वाटायची नाही, खरी असली तरी. बस सुटणार का, एवढंच स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारायचं आणि तेवढंच लिहायचं.

खबर देणाऱ्याचा नंबर कुणालाही द्यायचा नाही, पत्रकाराला नाही, नगरसेवकाला नाही. ऑक्टोबरात वही बंद करताना नंबरांची यादी फाडायची, मोजणीचे आकडे ठेवायचे. कोरडे फोटोही ठेवायचे. पूल रुंद होतात, झाडं तोडली जातात, म्हणून मे महिन्यात पुन्हा हिंडायचंच आहे.

गेल्या पावसाळ्यात येळ्ळूरच्या मामांचा फोन आला, मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले : "पोरी, लिहून घे. सहा वाजून दहा मिनिटं. नाल्याच्या मोरीवर मीच उभा हाय, छत्री घेऊन. पाइप बुडालाय, रस्त्यावर अजून आलं नाही. पोरग्यानं काय पाठवलं असंल तर सोड, तो अंथरुणात हाय."